टाकीच्या नळाचं कुलूप

किस्से हरळीसारखे असतात. कुणी पेरत नाही, कुणी पाणी घालत नाही, तरी उगवतात. एक उपटायला जावं तर त्याची मुळी मातीखालून लांबत लांबत भलत्याच वाफ्यात निघते. मी माळी आहे, त्यामुळे मला दुसरं उदाहरण सुचत नाही.

माझं नाव सिद्राम. शाळा नववीत सुटली. बोलण्यात मी पहिल्यापासून कच्चा. चार माणसांत उभं केलं की माझी जीभ टाळूला चिकटते. झाडांचं बरं असतं, ती काही विचारत नाहीत. पण झाडांचे मालक विचारतात! त्यातून सोलापूरचा उन्हाळा. नळाला आज पाणी आलं तर पुन्हा कोणत्या दिवशी येणार, हे इथं घराघरात तोंडपाठ असतं. अशा गावात लॉनवर पाणी मारणाऱ्या माणसाकडं कुणी प्रेमानं बघेल का?

विजापूर रोडच्या बाजूला तीन बंगल्यांची एक छोटी कॉलनी आहे. तिन्ही घरांत मिळून एक बोअर आणि बागेसाठी एक काळी टाकी. बोअर वैरागकर सरांच्या जागेत लागला, म्हणून टाकीही त्यांच्याच अंगणात. टाकीला नळ एकच. त्याला लांब पाइप जोडून मी तिन्ही बागा भिजवतो. म्हणजे तिन्ही घरांचं पाणी माझ्या हातातून जातं. माझ्याकडं काम म्हणाल तर एवढंच. आणि गेल्या उन्हाळ्यात ते सगळंच्या सगळं हातचं जायची वेळ आली होती, याच नळापायी.

*

वैरागकर सर रिटायर्ड मास्तर. मुलं शिकवली ती शिकवलीच, पण त्यांचा खरा लौकिक परीक्षेच्या सुपरव्हिजनचा. बाहीतली चिठ्ठी, मोज्यातली चिठ्ठी, पट्टीच्या मागं लिहिलेलं सूत्र, सरांच्या नजरेतून काही सुटत नसे. नोकरी संपली तरी नजर रिटायर झाली नाही.

पहिल्याच दिवशी मी लॉनमध्ये हातभर लांबीची सळई खुपसून बघत होतो. माती आतून ओली असेल तर सळई सरळ खाली जाते, कोरडी असेल तर मध्येच अडते. कुठं पाणी द्यायचं आणि कुठं नाही ते त्यावरून कळतं.

सर मागं येऊन उभे राहिले. "काय शोधतोयस?"

"पाणी, सर."

"पाणी टाकीत आहे. जमिनीत काय शोधतोयस?"

मी घाबरून हात मागं घेतले. तिथंच चुकलं!

"हात दाखव," सर म्हणाले.

मी दाखवले. माझ्या डाव्या तळहातावर पेनानं लिहिलेलं होतं: सोम-गुरु सर, मंगळ-शुक्र येमूल, बुध-शनि चाचा. कुठल्या लॉनची पाळी कधी, ते विसरू नये म्हणून मी लिहीत असे.

सरांचा चेहरा एकदम उजळला. घराकडं तोंड करून ते काकूंना, म्हणजे आपल्या मिसेसना, ओरडून म्हणाले, "अगं, बाहेर ये! कॉपी सापडली!"

नऊ वर्षं शाळेत होतो, कधी सापडलो नाही. शाळा सोडल्यावर सापडलो.

*

आमचं गाव सांगोल्याकडचं. घरी मेंढरं. एकदा आप्पा, म्हणजे माझे वडील, दवाखान्याच्या कामासाठी सोलापूरला आले. पोरगं काय काम करतं ते बघावं म्हणून कॉलनीत आले.

सरांच्या फाटकाशी चपला काढून आप्पा लॉनकडं बघत राहिले. मे महिना, सगळा मुलूख करपलेला आणि इथं हे हिरवंगार.

"ह्ये कुणासाठी राखलंय?" आप्पांनी विचारलं.

"कुणासाठी न्हाय. नुसतं बघायला."

"मेंढरं कवा येत्यात?"

"मेंढरं येत न्हाईत, आप्पा. वाढलं की मी मशिननं कापतो."

"आन् मग?"

"मग टाकून देतो."

आप्पांनी मला फाटकाच्या बाहेर ओढलं आणि कानाशी तोंड आणून म्हणाले, "सिदू, खरं सांग. ह्या मास्तराचा धंदा काय हाय? इतकं पाणी वतून गवात करायचं आन् खायला कुणीच न्हाय! लई गडबड वाटती मला. तू हितनं निघ."

तेवढ्यात आत सर काकूंना सांगत होते, "कोण तो फेटेवाला? मघापासून लॉनवर नजर ठेवून आहे. काहीतरी गडबड वाटते."

*

समोरचा बंगला येमूल वहिनींचा. त्यांच्या घरी टॉवेलचे माग. वहिनी स्वभावानं मोकळ्या, पण भित्र्या.

त्यांच्या लिंबाला आणि सीताफळाला वरून कितीही पाणी घाला, उन्हात अर्धं उडूनच जायचं. मी म्हटलं, मडकं पुरावं. मडक्याच्या बुडाला बारीक भोक पाडायचं, त्यात सुताची वात घालायची आणि गळ्यापर्यंत पुरून तोंडावर दगड ठेवायचा. एकदा भरलं की तीन-चार दिवस झाड थेंबाथेंबानं पीत राहतं. मल्लूमामांनी शिकवलं होतं. मामा अक्कलकोटकडचे जुने माळी, माझे गुरू.

मी वहिनींना सांगायला हवं होतं. पण दारात पाहुणे बसले होते आणि माझी जीभ टाळूला चिकटली. म्हटलं, आधी करू, मग सांगू.

त्या दिवशी अमावस्या होती हे मला ठाऊक नव्हतं!

वहिनींनी खिडकीतून काय बघितलं? मी लिंबाखाली खड्डा खणतोय, मडकं ठेवतोय, त्यात सुताची दोरी सोडतोय आणि पुरून वर दगड ठेवतोय. त्यांनी पाहुण्यांना तसंच सोडलं आणि मागच्या दारानं शेखचाचांना बोलावून आणलं. शेखचाचा तिसऱ्या बंगल्यातले, एसटीतून रिटायर झालेले, कॉलनीतले सगळ्यात शांत गृहस्थ.

"चाचा, करणी केली हो यानं! माझ्या लिंबाखाली!"

चाचांनी दगड उचलला, वाकून बघितलं. "इसमें तो पानी है, भाभी."

"कसलं पाणी?"

"टाकी का. देखो, पाइप भी वहींच पडा है."

मग मी कसंबसं सगळं सांगितलं. वहिनी हसल्या, स्वतःच्या कपाळाला हात लावला, आणि आणखी चार मडकी पुरायला सांगितली.

दुसऱ्या दिवशी जाऊन बघतो तर पाचही मडक्यांच्या दगडांवर हळद-कुंकू!

"वहिनी, हे कशाला? नुसतं पाणी आहे त्यात."

"असू दे रे," वहिनी म्हणाल्या. "आपल्याला माहीत आहे पाणी आहे ते. पण उगीच रिस्क कशाला?"

*

काकूंचा, म्हणजे वैरागकर काकूंचा, जीव दोन गोष्टींत. एक अंगणातला मोगरा आणि दुसरा मांडवावरचा दोडक्याचा वेल.

दोडक्याची पानं मोठी. दुपारच्या उन्हात ती मान टाकतात आणि ऊन उतरलं की आपोआप वर येतात. त्यात पाणी कमी पडल्याचा काही संबंध नसतो. उलट अशा उन्हात पाणी ओतलं की मुळांना दम मिळत नाही.

एका दुपारी एक वाजता सरांचा फोन. "ताबडतोब ये."

गेलो. सर वेलाकडं बोट करून उभे. "सकाळी पाणी घातलंस?"

"घातलं, सर."

"मग हा असा का लोंबतोय?"

"ऊन आहे म्हणून. संध्याकाळी उठून बसेल."

"कशावरून?"

सरांनी पोर्चमधून खुर्ची आणली, वेलासमोर मांडली, डोक्यावर छत्री धरली आणि बसले. मला नळापासून लांब भिंतीशी उभं केलं. दोन वाजले, तीन वाजले. चार वाजता काकू चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "अहो, वेलाला एवढं बघत बसलं तर तोही लाजेल."

साडेसहाला वेलानं एकेक पान उचललं. सात वाजता सगळा वेल ताठ!

सर उठले, वेलाभोवती एक फेरी मारली. "तू टाकीकडं गेला होतास?"

"नाही, सर. तुमच्यासमोर उभा होतो."

"मग याला सांगितलं कुणी?"

त्या दिवशी सरांनी तिन्ही घरांना नियम घालून दिला. दुपारी बागेला पाणी द्यायचं नाही, म्हणजे नाही. कुणीही. नियम माझाच होता, फक्त सांगणारे सर होते, म्हणून सगळ्यांनी ऐकला. निदान मला तसं वाटलं.

*

लॉनला रोज शिंपडून उपयोग नसतो. आठवड्यातून दोनदा, भल्या पहाटे, चांगलं खोल भिजेल इतकं द्यावं. म्हणजे मुळं पाण्यामागं खाली जातात. सरांना हे पटत नव्हतं. ते म्हणाले, "किती पाणी देतोस ते मोजलं पाहिजे." त्यांनी श्रीखंडाचा रिकामा डबा घेतला, आतून पेनानं रेघ मारली आणि लॉनच्या मधोमध ठेवला. पाणी रेघेपर्यंत यायला हवं.

सोमवारी पाणी बरोबर रेघेवर आलं. सरांनी डबा रिकामा करून परत ठेवला. मला बरं वाटलं.

मंगळवारी सर दुपारी बँकेत गेले होते. सरांच्या लॉनची त्या दिवशी पाळी नव्हती. संध्याकाळी बघतात तर डबा अर्धा भरलेला! पाऊस नाही, वारा नाही.

सरांनी मला डब्यासमोर उभं केलं. "हे काय?"

"पाणी, सर."

"ते दिसतंय. कुठून आलं?"

"मला माहीत नाही. मी सकाळी येमूल वहिनींकडं होतो."

सर लॉनवर वाकले, डब्यापासून फाटकापर्यंत बघत गेले. मग हळू आवाजात म्हणाले, "मी सांगतो. दुपारी मी बाहेर आणि ही झोपलेली असताना तू येतोस. पाइप इथून ओढत बाहेर नेतोस. कुणाला तरी पाणी देतोस. जाता जाता इथं सांडलं."

"नाही हो, सर!"

"माझी नजर बदलत नाही सिद्राम, फक्त परीक्षा बदलते."

त्यानंतर सर टाकीच्या मागं लागले. टाकी काळी, आतलं दिसत नाही. सर बोटांनी ठोकून आवाज ऐकायचे. "सकाळी भद्द वाजत होती. आता टण वाजते! कोण पितंय?"

दोन दिवसांनी टाकीच्या नळाला लोखंडी पेटी बसली. पेटीला कुलूप. किल्ली एकच, सरांच्या कमरेला. पहाटे सहाला त्यांनी मला ती द्यायची, काम आटोपलं की मी परत करायची.

आणि तरी टाकी दुपारनंतर टण वाजायची!

*

आता तर मोगऱ्याची पानं पिवळी पडून गळायला लागली. लॉनवर तांबूस चट्टे आले. काकूंच्या डोळ्यांत पाणी. सरांचं ठाम मत, मी बागेला पाणी देतच नाही आणि टाकीतलं बाहेर कुणाला तरी विकतो. तोंडावर ते म्हणाले नाहीत. पण रविवारी चाचांच्या हॉलमध्ये मीटिंग ठेवली आणि दुसरा एक माळी येऊन बागा बघून गेला. मला बघून त्यानं मान खाली घातली. तेव्हाच मी काय ते समजलो.

मी मल्लूमामांना बोलावून आणलं. मामांनी मोगऱ्याच्या बुंध्याशी बोट खुपसलं, बाहेर काढून हुंगलं. "यप्पा! हे तहानेनं नाही रे मेलं. हे बुडून मरतंय."

"मामा, मी चार दिवसांनी एकदा देतोय."

"मग दुसरं कोणतरी रोज देतंय. तहानलेलं झाड पान मुरडून घेतं. बुडालेलं झाड पान पिवळं करून टाकतं. माती आंबट वास मारतीया. हुंग."

मी हुंगलं. खरंच आंबट.

त्या दिवसापासून मीही संशयी झालो. शेखचाचांचं लॉन इतकं हिरवं कसं? वहिनी मडकी भरायला पाणी कुठून घेतात? एकदा तर वाटलं, मीच झोपेत येऊन घालून जातो की काय! रोज सळई खुपसायचो, रोज माती हातभर ओली. कुलूप जागच्या जागी. किल्ली सरांच्या कमरेला.

"बोलून टाक ना मास्तरला," मामा म्हणाले.

मला बोलता आलं असतं तर काय पाहिजे होतं!

*

रविवारी अकराला मीटिंग. सर, काकू, येमूल वहिनी सोफ्यावर. चाचा टीव्हीजवळ. मी दाराशी, सळई हातातच राहिलेली.

सर उभे राहिले. "विषय सगळ्यांना माहीत आहे. दुपारी टाकीचं पाणी जातं. झाडं मरतायत. जबाबदार कोण, हे मी वेगळं सांगायला नको."

मी सांगायला तोंड उघडलं, "सर, माती ओली..." आणि नुसतीच सळई पुढं केली.

"एक मिनिट, सर," चाचा म्हणाले. "गाडी पे नजर रखने मैं एक कॅमेरा लगायला है. पिछले हफ्ते उसका मुंडी टाकी की तरफ घुमाया. किसीकु बोला नहीं. चोर देखना क्या?"

"अवश्य!" सर म्हणाले. "लावा."

टीव्हीवर शुक्रवार लागला. सकाळी मी आलो, पेटी उघडली, येमूल वहिनींकडं पाइप नेला, परत आलो, कुलूप लावलं, किल्ली देऊन गेलो. सर पुढं सरकून बसले.

दुपारचा एक. सरांच्या घराचं दार हळूच उघडलं. डोक्यावरून टॉवेल घेतलेलं कुणीतरी बाहेर आलं. डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. किल्लीनं पेटी उघडली आणि दहा मिनिटं लॉनला, वेलाला, मोगऱ्याला पाणी मारलं. मग पाइप जसाच्या तसा गुंडाळून आत.



सर खाकरले. "चेहरा दिसत नाही. आणि टॉवेल म्हणाल तर अख्ख्या सोलापुरात टॉवेलच आहेत!"

"खरं आहे सर," येमूल वहिनी हळूच म्हणाल्या. "पण ही किनार आमच्याच मागावरची. एकच नग काढला होता. दिवाळीला तुम्हालाच दिला की."

सर काही बोलायच्या आत टीव्हीवर अडीच वाजले. तेच दार पुन्हा उघडलं. आता काकू! डोक्यावर पदर, चपला हातात. कमरेची किल्ली काढली, पेटी उघडली. आधी मोगरा, मग वेल, मग सगळं लॉन. जाताना श्रीखंडाचा डबा उपडा करून पदरानं पुसून ठेवला.

सर ताडकन उठले. "हिच्याकडं किल्ली कशी?"

काकू शांतपणे म्हणाल्या, "नव्या पेठेत करून घेतली. मला वाटलं तुम्ही तर बघतच नाही त्या मोगऱ्याकडं."

"आणि मला वाटलं हा पोरगा पाणीच घालत नाही!"

"तो बरोबर घालतो की," काकू म्हणाल्या. "मलाही तो घालत नाही असंच वाटत होतं म्हणा."

चाचांनी टीव्ही बंद केला. "तो सिदराम का क्या करनेका?"

मग काकू म्हणाल्या, "त्याला आधी बसायला खुर्ची द्या."

*

सोमवारी पहाटे सहाला सर अंगणात उभेच होते. त्यांनी किल्ली माझ्या तळहातावर ठेवली आणि माझी मूठ स्वतःच्या हातानं मिटली.

"ही आता तुझ्याकडंच ठेव. मी मागितली तरी द्यायची नाही."

"बरं, सर."

"कितीही मागितली तरी!"

सर आत गेले. मी पेटीकडं वळलो तर स्वयंपाकघराच्या खिडकीतून हात बाहेर आला. हातात दुसरी किल्ली. काकू कुजबुजल्या, "ही पण ठेव. माझं मन घट्ट नाही रे."

मोगऱ्याच्या मुळांशी माती सुकायला हवी होती, म्हणून चार दिवस सरांच्या बागेत एक थेंबही द्यायचा नाही असं ठरवलं. दोघांना सांगितलं. दोघांनी माना डोलावल्या.

शुक्रवारी सकाळी दहाला बघायला गेलो. पेटीला कुलूप. दोन्ही किल्ल्या माझ्या खिशात, मी दोनदा चाचपून बघितल्या. मोगऱ्याजवळ गुडघ्यावर बसलो आणि सळई खुपसली. हातभर सरळ आत गेली. बाहेर काढली तर टोकापर्यंत ओला चिखल.

गॅलरीतून सरांचा आवाज आला. "काय रे सिद्राम, ओली आहे का?"

"ओली आहे, सर."

"बघ!" सर म्हणाले. "मी म्हणत नव्हतो, कुणीतरी आहे म्हणून!"

खाली पायरीवर सरांच्या आणि काकूंच्या चपला भिंतीला टेकवून उन्हात वाळत घातल्या होत्या, आणि शेजारी न्हाणीघरातल्या दोन बादल्या पालथ्या.